मांडीवरून मांडीवर

माझ्या नणंदेला, सॉन-जूला, मुलगी झाली, त्याच पहाटे सोल शहरातल्या सगळ्या बसगाड्या संपावर गेल्या. एक जीव हलायला लागला अन् एक शहर हलायचं थांबलं, असं माझ्या सासूबाई पुढं कितीतरी वर्षं सांगायच्या. त्यात कौतुक किती नि टोमणा किती, हे ऐकणाऱ्यानं आपलं ठरवावं. कारण संपावर गेलेल्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा होता. म्हणजे माझा नवरा, चांग-गिल.

फोन हॉस्पिटलातल्या नर्सचा होता. बाळंतपण अवघड गेलं, पण दोघी सुखरूप आहेत. "फक्त एक आहे," नर्स म्हणाली, "तुमची मुलगी काही तोंडात घ्यायला तयार नाही. आमच्याकडचं कढण आणून ठेवलंय, तर म्हणते, आईचं आल्याशिवाय चमचा उचलणार नाही. अंगात रक्त नाही तिच्या. कुणीतरी या बाई."

"येते म्हणावं," सासूबाई म्हणाल्या नि फोन ठेवला. कशी येणार ते नर्सनंही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

सॉन-जूचा नवरा मासेमारीच्या जहाजावर, कुठल्याशा लांबच्या समुद्रात. तिला जवळचं म्हणावं असं आम्हीच. आणि आमचं घर जंगनंगच्या टेकडीवर, शहराच्या वरच्या टोकाला. हॉस्पिटल नदीपलीकडे.

कढणाचं समुद्री शेवाळ मात्र तयार होतं; बाळंतिणीला आमच्याकडं पहिलं तेच देतात. सातवा महिना लागला तेव्हाच सासूबाईंनी बाजारातून ते आणलेलं, माणसाच्या उंचीचं, कुठंही न मोडलेलं. बाळंतिणीचं शेवाळ दुकानदारही घडी घालून देत नाही. मोडलं तर बाळंतपण अडतं म्हणतात. भिंतीवर खिळ्याला ते तेव्हापासून काळ्या वेणीसारखं लटकत होतं. त्यांनी ते उतरवलं, भिजवलं, तिळाच्या तेलात परतलं. घरभर तो वास पसरला, समुद्राचा नि तिळाचा. कढण शिजेपर्यंत त्यांनी कोपऱ्यात सामसिन आजीसमोर पाणी, भात नि कढणाची पहिली वाटी मांडली. लेकरं पदरात घालणारी देवी ती. तिच्यापुढं बसून त्या हलक्या आवाजात म्हणत होत्या,

सामसिनबाई आजी, तुझ्यापुढं पाणी भात
लेकीच्या माथ्यावरी ठेव तुझा ऊन हात

सागराच्या पोटातून वर आली काळी वेणी
लेकीच्या पान्ह्यासाठी शिजे पहाटेचं पाणी

मी माझ्या लेकराला पाठीशी बांधत म्हटलं, "आई, डेपोवर निरोप धाडू का? ह्यांच्या ओळखीचं कुणीतरी गाडी घेऊन—"

"गप," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हरच्या आईनंच संपाच्या दिवशी गाडी शोधायची? मग तो तिथं लाल पट्टी बांधून काय शेकोटी शेकायला बसलाय?"

"पण तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. संप सगळ्यांचा आहे."

त्या गुडघ्यांची गोष्ट अशी, की लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं त्या बसमध्ये कंडक्टर होत्या. तेव्हा सोलच्या बसला दार बंद करायला मुलीच असत, खाकी टोपी घातलेल्या. गर्दी पोटानं आत ढकलायची, स्वतः दारात लोंबकळायचं, गाडीच्या पत्र्यावर हातानं दोन थापा मारायच्या आणि ओरडायचं, "ओराऽई!" की ड्रायव्हर गाडी सोडायचा. उभं राहून राहून गुडघे गेले, आवाज तेवढा राहिला.

झाकणाचं मोठं पातेलं आम्ही आधी जुन्या रजईच्या तुकड्यात गुंडाळलं, मग गुलाबी रुमालात बांधून वर पक्की गाठ मारली. आळीपाळीनं ते धरत उतार उतरलो. मार्च होता, पण थंडीला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि काय सांगू, रस्ता! एरवी बसच्या खिडकीतून कडेकडेनं दिसणारी माणसं आज रस्त्याच्या मधोमध चालत होती. ऑफिसचे बूट, उंच टाचांचे बूट, शाळेचे बूट. एका बाईनं टाचांचे बूट हातात घेतले होते नि पायात घरातल्या सपाता. लोक चालत होते नि चिडत होते, चिडत होते नि एकमेकांना जागा देत होते. भुयारी गाडीच्या स्टेशनावर गेलो, तर खालची रांग जिना चढून वर रस्त्यावर आलेली. तिथं पातेलं नेणं म्हणजे लढाईत दिवा नेणं.

तेवढ्यात मुळ्यांनी निम्मा भरलेला एक ट्रक आमच्याजवळ थांबला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "नदीपर्यंत जातोय! कुणी येणार?"

रस्ताच त्याच्यावर धावला. फळीला एकदम वीस हात चिकटले, कुणी चढेना, कुणी उतरेना. ड्रायव्हर ओरडायला लागला, "अरे, माझे मुळे! मुळ्यांवर पाय देऊ नका!"

सासूबाईंनी पातेलं माझ्या हातात दिलं. पदर... म्हणजे आमच्याकडं पदर नसतो, पण त्यांनी कोटाच्या बाह्या अशा मागं सारल्या, की मला पदर खोचल्यासारखंच वाटलं. त्या फळीशी गेल्या.

"आधी आजीआजोबा! ए टायवाल्या, मागं हो, तुझं लग्न नाही चुकत. हां, आजोबा, हात द्या. मावशी, आत सरका, आत! मधी काय मांडव घातलाय? पोतं उभं करा, त्यावर बसा. पुढं जागा आहे, मला दिसतेय, तुम्हाला दिसत नाही होय?"

बघता बघता ट्रक भरला, आणि एकही मुळा मोडला नाही. त्या स्वतः सगळ्यांत शेवटी, मागच्या फळीला धरून उभ्या राहिल्या. पत्र्यावर दोन थापा. "ओराऽई!"

ट्रकमधला एक म्हातारा हसायला लागला, डोळे पुसत. "किती वर्षांनी ऐकलं हो हे. आता पाकीट जपायला हवं, नाही का!"

"तुमचं पाकीट तेव्हाही रिकामंच असणार," सासूबाई म्हणाल्या.

मी उभी होते, पाठीवर लेकरू, हातात पातेलं. समोर पोत्यावर बसलेल्या कुरळ्या केसांच्या बाईनं न विचारता ते माझ्या हातातून काढून आपल्या मांडीवर घेतलं. बसलेल्यानं उभ्या असलेल्याचं ओझं मांडीवर घ्यायचं, याला आमच्या शहरात कुणी उपकार म्हणत नाही. मी शाळेत असताना माझं दप्तर किती अनोळखी मांड्यांवर बसून गेलं असेल! पुढं ती बाई आजोबांसाठी उठली, तेव्हा पातेलं आजोबांकडे गेलं. आजोबांचा हात कापतो म्हणून ते शेजारच्या टायवाल्या पोराकडे आलं.

त्यानं वास घेतला नि निखारा मांडीवर पडल्यासारखा उडालाच. "हे... हे शेवाळाचं कढण आहे?"

"मग काय, मुळ्याची भाजी?"

"नको, नको! घ्या हो कुणीतरी! माझी आज मुलाखत आहे!"

सगळा ट्रक हसला. शेवाळ पडलं बुळबुळीत. परीक्षेच्या दिवशी ते पोटात गेलं, की माणूस यादीतून घसरतो, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

"खायला कोण सांगतंय बाबा, धरायला सांगतोय," कुरळ्या केसांची मावशी म्हणाली.

"धरलं तरी तेच! मागच्या खेपेला माझा वाढदिवस होता, आईनं कढण केलं. दुसऱ्या दिवशी मुलाखत."

"मग?"

"मग काय. घसरलो."

हसू पुन्हा उसळलं. पातेलं मावशीकडं परत आलं. पोरगा लाजून कोपऱ्यात बसला, टाय सारखा करत. सासूबाई मागून ओरडल्या, "हसू नका रे त्याला. ज्याच्या पोटाचा प्रश्न, त्यालाच पाय जपून टाकावा लागतो. नाव काय बाळा तुझं?"

"प्यो."

"प्यो, नीट बस. तुझी मुलाखत चांगली होईल. कढणानं बाळंतीण उठते, नोकरी काय चीज आहे!"

चौकाचौकात ट्रक थांबायचा. कुणी उतरायचं, कुणी चढायचं, दोन थापा, ओराई. मुळेवाल्या ड्रायव्हरला, त्याचं नाव कू, या सगळ्याची मजा वाटायला लागली होती. मजा वाटली म्हणून त्याचं तोंडही सुटलं. मागच्या खिडकीतून तो आम्हाला ऐकवू लागला: "हे बसवाले म्हणजे माजलेत नुसते! पगार हवा, सुट्टी हवी, अजून काय हवं, गादी हवी बसायला? म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावर आणलं. एकेकाला धरून..."

लोकांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, लाज नाही. कुणी म्हणालं, घरी आई नसेल ह्यांना.

मी सासूबाईंकडं पाहिलं. नदी अजून दूर होती. गप्प बसलं तर ट्रक पुलापर्यंत जाणार होता. मी डोळ्यांनीच म्हटलं, नका हो आई. कढण पोचू द्या आधी.

त्या गप्प बसल्याही, एक चौकभर. मग पत्र्यावर एकच थाप मारली. एक थाप म्हणजे थांब. कूनं सवयीनंच ब्रेक दाबला.

"घरी आई आहे त्यांना," त्या म्हणाल्या. "ही काय, इथं उभी आहे. माझा मुलगा आहे त्यांच्यात. सकाळी काळोखात निघतो, गाडीतच जेवतो, लघवी लागेल म्हणून पाणी पीत नाही. शिव्या द्यायच्यात? द्या. पण त्याच्या पाठीमागं नको. माझे कान इथंच आहेत. आणि उतरवायचं असेल तर सांगा, मी उतरते."

माना हलवणाऱ्यांनी नजरा मुळ्यांकडं वळवल्या. कू आरशातून त्यांच्याकडं बराच वेळ पाहत राहिला.

"आजी," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही उतरलात तर माझ्या मुळ्यांकडं कोण बघणार? मारा दोन थापा. आणि पोराला सांगा, लवकर मिटवा म्हणावं. बाजारात गिऱ्हाईकच पोचत नाही."

दोन थापा पडल्या. या वेळी ओराई म्हणताना त्यांचा आवाज जरा चिरकला, एवढंच.

हान्नाम पुलाच्या अलीकडे मात्र सगळं थांबलं. गाड्यांची रांग पुलावर चढली होती ती तिथंच गोठली होती. ट्रकच काय, सायकलही निघेना. पुलाच्या कडेनं नुसती माणसं वाहत होती, वारा तोंडावर घेत. कूनं खाली उतरून हात पसरले. "आता पाय, आजी. दुसरं काही नाही."

सासूबाईंनी पूल पाहिला. त्या नदीचा पूल असा, की अलीकडून पलीकडं उभा माणूस मुंगीएवढा दिसतो. त्यांनी आपला उजवा गुडघा चोळला. मी म्हटलं, "आई, मी जाते पुढं. धावत जाते."

"पाठीवर लेकरू, हातात गरम पातेलं, आणि हा वारा? दोन नातवंडांतलं एक भाजून दुसऱ्याकडं जायचं का?"

"मग बरोबरच जाऊ. हळूहळू."

"हळूहळू गेलो तर कढण गार होईल आणि पोरगी दुपारपर्यंत उपाशी. ती हट्टी आहे. माझीच आहे." त्या रुमालाच्या गाठीकडं पाहत राहिल्या. मग मान वर करून, उतरणाऱ्या माणसांना, गाडी सुटताना थांब्यांची नावं सांगावीत तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पुलापलीकडं, उजव्या हाताला, टेकाडावरचं हॉस्पिटल! तिसरा मजला, बाळंतीण सॉन-जू! कोण जातंय त्या बाजूला?"

लोक एकमेकांकडं बघू लागले. बहुतेकांना डावीकडं जायचं होतं. कुरळ्या केसांची मावशी अलीकडंच राहणारी. ती गळ्यातला लोकरी मफलर सोडून पातेल्याभोवती गुंडाळायला लागली.

"मी पलीकडं जातोय," कुणीतरी म्हणालं.

प्यो होता तो. टाय वाऱ्यानं खांद्यावर उडालेला. "मला डावीकडं जायचंय. पण पूल तर ओलांडून देतो. पुढं कुणाच्या तरी हातात देईन. पळतोच आहे, तर रिकाम्या हातानं कशाला पळू?"

"अरे, तुझी मुलाखत," मी म्हटलं. "आणि हे..."

"ठाऊक आहे." त्यानं मोठा श्वास घेतला. "धरायचंच आहे ना? खायचं नाही."

सासूबाईंनी त्याच्या हातात पातेलं दिलं. ते देताना माझा हात मात्र आपोआप पुढं गेला, परत घ्यायला. कोण कुठला पोरगा, नुसतं नाव माहीत. भांडं सांडेल, हरवेल, कुठल्या तरी थांब्यावर राहून जाईल, आणि तिकडं ती उपाशी बसेल. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला.

"सांडू नकोस," त्या प्योला म्हणाल्या. "उघडू नकोस. ज्याला देशील त्यालाही हेच सांग. आणि शेवटी जो तिच्या हातात देईल, त्यानं म्हणायचं, आई मागून येतेय. म्हण बघू."

"पुलापलीकडं, उजव्या हाताला, टेकाडावरचं हॉस्पिटल, तिसरा मजला, सॉन-जू. सांडू नका, उघडू नका. आई मागून येतेय."

"शहाणा माझा. जा."

आणि तो गेला. गर्दीतून वाट काढत, पातेलं छातीशी धरून, तान्ह्या मुलासारखं. गुलाबी रुमाल थोडा वेळ दिसला, मग माणसांत माणूस मिसळून गेला. सासूबाईंनी पुलाच्या कठड्यावर हळूच दोन थापा मारल्या. कठड्याला ते कळलं असेल.

आम्ही चालायला लागलो. खाली नदी राखाडी, वर आभाळ तसंच. मी घुसमटून म्हटलं, "आई, विश्वास ठेवायचा म्हणजे किती?"

त्या चार पावलं टाकायच्या, थांबायच्या, कठडा धरायच्या. एकदा थांबल्या तेव्हा बोलल्या. "चांग-गिल झाला ना, तेव्हा मी एका खोलीत एकटी होते. आई गावी, डोंगरापलीकडं. तिला निरोपच पोचला नव्हता. तुझे सासरे कामावर. दुसऱ्या दिवशी दारात कढण आलं. वाफ निघत होती अजून."

"कुणी आणलं?"

"आणलं कुणी नाही, आलं. आमच्या मुलींच्या वसतिगृहात पोरींनी शिजवलं. त्यांना ड्यूटी, येणार कोण? पहिल्या बसच्या पोरीनं ते एका बसलेल्या बाईच्या मांडीवर ठेवलं. ती उतरली, दुसरीच्या मांडीवर. शेवटच्या थांब्यावर दुसऱ्या बसच्या पोरीनं उचललं, तिच्या गाडीत पुन्हा मांड्या. असं करत करत माझ्या गल्लीच्या तोंडाशी. एका शाळेतल्या मुलीनं दार वाजवलं, भांडं दिलं नि पळाली. किती मांड्या झाल्या असतील, कुणाच्या, मला आजतागायत ठाऊक नाही. त्यातल्या एकीनं जरी झाकण उघडलं असतं ना, तरी गार झालं असतं गं."

मग पुन्हा चालायला लागल्या. मला वाटत होतं, आपण ज्या वाटेनं चाललोय तिच्यावर पुढं कुठंतरी, आपल्याला न दिसणारे हात कढण सांभाळताहेत.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा सासूबाईंचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. खोलीचं दार उघडं होतं. आधी दिसला तो मफलर, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. मग पातेलं, पलंगाजवळच्या टेबलावर. त्याच्या झाकणावर आडवी बांधलेली लाल कापडाची पट्टी, पांढरी अक्षरं लिहिलेली, 'एकजूट'. तशीच पट्टी चांग-गिल आदल्या संध्याकाळी कपाळाला बांधून गेला होता.

आणि सॉन-जू. उशीला टेकलेली, फिकुटलेली, ओठांवर तेलाची चमक, वाटी अर्धी रिकामी.

"आई," ती म्हणाली नि रडायलाच लागली. "तोंड भाजलं माझं. एवढं गरम होतं."

"कुणी आणलं?"

"दोन ड्रायव्हर. लाल पट्ट्या बांधलेले. एकाचं कपाळ मोकळं, त्यानं आपली भांड्याला बांधली होती, झाकण हलत होतं म्हणून. इथल्या डेपोच्या गेटवर त्यांना कुणी एक आजोबा देऊन गेले म्हणे, आजोबांना एका बाईनं दिलेलं. नर्स त्यांना आत सोडेना, तर म्हणाले, आम्ही थांबणार नाही, फक्त निरोप द्यायचाय." ती हसली, रडता रडता. "दोघं दारात उभे राहून एकदम म्हणाले, शाळेतल्या मुलांसारखं: आई मागून येतेय."

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. बाळाकडं त्यांनी नंतर पाहिलं. आधी उरलेली वाटी उचलून लेकीला भरवली, शेवटच्या थेंबापर्यंत. मग नात मांडीवर घेतली नि लाल पट्टीची गाठ सोडली. सोडायला वेळ लागला. गाठ मारणाऱ्यानं जीव लावून मारली होती.

प्योची मुलाखत कशी झाली, आम्हाला कधीच कळलं नाही. पण नातीच्या दर वाढदिवसाला कढण झालं, की सामसिन आजीपुढं पहिली वाटी ठेवून सासूबाई म्हणायच्या, "आणि तो प्यो, तो घसरला नसू दे बाई." ट्रकमधले म्हातारे आजोबा, मफलरची मावशी, कू, यांचीही नावं असतील तशी, नसतील तशी त्या प्रार्थनेत यायची.

त्या दुपारी परत जाताना सासूबाईंनी वाट वाकडी केली. हॉस्पिटलजवळच्या त्या डेपोच्या गेटवर (चांग-गिलचा डेपो वेगळा) पिंपात लाकडं जळत होती. भोवती ड्रायव्हर बसलेले, मागं हिरव्या बसगाड्यांची लांबच लांब रांग, सगळ्या गप्प. त्यांनी मोकळ्या कपाळाच्या एका तरुणाला बरोबर ओळखलं नि पट्टी पुढं केली.

"राहू द्या आजी, तुम्हालाच," तो म्हणाला. "कढण गरम होतं ना?"

"तोंड भाजलं पोरीचं."

सगळे हसले. कुणीतरी त्यांना शेकायला जागा करून दिली. थोडा वेळ शेकून त्या उठल्या, एका उभ्या बसजवळ गेल्या नि तिच्या गार पत्र्यावर पंजा टेकला. तरुण ड्रायव्हर जरा घाबरला. "आजी, आज थाप नको हं. आज गाडी सुटायची नाही."

"कळतं रे मला," सासूबाई म्हणाल्या. "नुसता हात ठेवलाय."